धोतराचे चौकोन

2018 च्या डिसेंबरात लातुरातल्या एका खासगी दवाखान्यात माझे फिशरचे, म्हणजे गुदद्वाराशी पडलेल्या चिरेचे, ऑपरेशन झाले, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी ज्या सूचना दिल्या त्यांत एक अशी होती की शौचानंतर जागा पाण्याने धुतल्यावर ओली ठेवायची नाही, हलक्या हाताने टिपून पूर्ण कोरडी करायची आणि टिपताना घासायचे मुळीच नाही. टॉवेलने टिपू का, असे मी विचारले, तेव्हा घरातला सामाईक टॉवेल नको म्हणून त्यांनी टॉयलेट पेपरचा रोल आणायला सांगितले. अशा रीतीने, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन वर्ष उलटल्यावर, वयाच्या 59 व्या वर्षी मी पहिल्यांदा ती वस्तू विकत घेतली आणि पिशवीत तळाशी घालून वर कोथिंबीर ठेवून घरी आणली.

पाणी मी सोडले नव्हते आणि सोडण्याचा प्रश्नही नव्हता; कागद होता तो धुतल्यानंतर टिपण्यापुरता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कापडाविषयी जे लिहिणार आहे ते ह्या टिपण्याच्या कामाविषयीच आहे, आणि कापड म्हटल्याबरोबर लोक नाक मुरडतात ते त्यांच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहते म्हणून. न्यूयॉर्कच्या जोसेफ गेयेटी नावाच्या गृहस्थाने 1857 साली, म्हणजे इकडे मेरठला ठिणगी पडली त्याच वर्षी, शौचाचा कागद पुडक्यांत बांधून विकायला काढला, तो मूळव्याधीवरचा औषधी कागद म्हणून, असे पुढे माझ्या वाचनात आले. माझ्याकडेही तो दवाखान्याच्याच वाटेने आला असल्यामुळे मला त्याची फारशी लाज वाटली नाही.

जखम दीड महिन्यात भरली, पण सवय राहिली. कोरडे राहिल्याने खाज येत नाही, उन्हाळ्यात घामाने कातडी सोलत नाही, हे एकदा अंगवळणी पडल्यावर परत ओल्या लेंग्यात बसणे नकोसे झाले. चार रोलचे पुडके सुमारे दीडशे रुपयांना मिळे आणि मला एकट्याला ते महिनाभरही पुरत नसे. मार्च 2020 मध्ये अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात लोक ह्या रोलांसाठी दुकानांतून झोंबाझोंबी करत असल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा आमच्या औसा रोडवरच्या दुकानात मात्र ते जागचे हलले नव्हते. दुकानदार मला हसून म्हणाला, "सर, तुमच्याशिवाय कुणीच नेत नाही, निवांत या." तेवढ्यावर भागले असते तर पुढचे काही घडले नसते. परंतु पेन्शनर माणसाला काटकसरीची जी खोड असते तिने मला एक दिवस गाठले. लग्नाकार्यात जेवणानंतर हात पुसायला देतात ते कागदी नॅपकिन ठोक भावात फार स्वस्त पडतात असे माझ्या लक्षात आले आणि मी शंभर-शंभरांची दहा पुडकी आणून ठेवली. जाड असल्यामुळे एकच पुरे, हा वर फायदा. वापरून झाले की कमोडमध्ये टाकायचे आणि पाणी ओढायचे, हा क्रम दोन वर्षे बिनबोभाट चालला.

2022 च्या जूनमध्ये मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री कमोडमधले पाणी खाली जाण्याऐवजी वर येऊ लागले. आमच्या कॉलनीत त्या वेळी भुयारी गटार नव्हते. प्रत्येकाच्या अंगणात आपापली सेप्टिक टाकी आणि पुढे शोषखड्डा. सकाळी मैला उपसणारी गाडी बोलावली. हाताने मैला उपसायला लावणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि टाकीत माणूस उतरवू नये एवढे भान मलाही होते, म्हणून सगळे काम पाइपने आणि वरून लांब गजाने चालले होते. टाकी उपसून झाली तरी चेंबर मोकळे होईना. शेवटी गाडीवाल्या मुलाने गजाला आकडा करून आत घातला आणि ओढला, तेव्हा बाहेर आले ते दोन हात लांबीचे, शिजवलेल्या तांदळाच्या गोळ्यासारखे पांढुरके गुंडाळे. ते फरशीवर पडल्यावर त्याने गजाच्या टोकाने उलगडले. थरावर थर बसलेले माझे नॅपकिन होते. एकाच्या कोपऱ्यावर छापलेले गुलाबाचे फूलही शाबूत होते.

"सर, ही हात पुसायची असत्यात," तो म्हणाला. "ही विरघळत नसत्यात."

मी विज्ञान शिकवण्यात तीस वर्षे घालवली होती, आणि ही गोष्ट मला त्या मुलाने सांगावी लागली. संध्याकाळी स्वयंपाकघरातले दोन काचेचे पेले घेतले, एकात टॉयलेट पेपरचा तुकडा आणि दुसऱ्यात नॅपकिनचा तुकडा टाकून चमच्याने ढवळले. टॉयलेट पेपरचा पाच मिनिटांत खळीसारखा लगदा झाला. नॅपकिन रात्रभर पाण्यात राहूनही सकाळी जसाच्या तसा निघाला, पिळून वाळत घालता आला असता इतका. ओल्या हातात फाटू नये म्हणून त्याच्या लगद्यात राळेसारखे द्रव्य घातलेले असते. जी गोष्ट जेवणाच्या टेबलावर गुण, तीच चेंबरमध्ये बूच. सौभाग्यवतींनी ते दोन पेले पुन्हा स्वयंपाकघरात घेतले नाहीत. ते आता माझ्या दाढीच्या सामानासाठी आहेत.

सरळ मार्ग असा होता की पुन्हा खरा रोल आणावा. पण ओल्या कागदाचे तुकडे कातडीला चिकटून राहणे, दर वेळी जास्तीचे पाणी ओढणे आणि महिन्याचा खर्च, ह्या तिन्हींचा मला तोवर कंटाळा आलेला होता. आपण धुतलेली जागा टिपतो आहोत, हात धुतल्यावर नॅपकिनला पुसतो तसे. मग त्यासाठी दर वेळी एक वस्तू जन्माला घालून मारायची कशाला, असा विचार डोक्यात येऊन मी सौभाग्यवतींकडे शब्द टाकला की मला सुती कापडाचे वीतभर चौकोन शिवून दे. तिने ऐकून घेतले आणि एकच अट घातली.

"शिवून देते. पण धुणार तुम्ही. माझ्या धुण्यात ते येणार नाहीत, माझ्या बादलीत येणार नाहीत आणि मशीनमध्ये तर नाहीच नाही."

अट मान्य केली, पण माझीच एक शंका उरली होती, आणि लातुरात राहणाऱ्या माणसाला ती यावीच. कागद वाचवायच्या नादात पाणी तर जास्त जाणार नाही ना? 2016 चा उन्हाळा ज्याने इथे काढला त्याला पाण्याचा हिशेब विसरता येत नाही. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडलेले होते, मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी 25 लाख लिटर आणू लागली. त्या दिवसांत आमच्या घरी आंघोळीला बसायचे ते टपात, टपातले पाणी कपड्यांच्या पहिल्या धुण्याला आणि तेच पुढे संडासात. ती शिस्त माझ्या कामी आली. मी ठरवले की चौकोन धुतलेले पाणी मोरीत सोडायचे नाही, सगळे कमोडमध्ये ओतायचे. आठवड्याचे बारा-चौदा तुकडे धुवायला साबणाचे पाच लिटर आणि खळबळायला दोनदा पाच-पाच लिटर, असे 15 लिटर लागतात, म्हणजे एक बादली. आमच्या जुन्या टाकीचे एक ओढणे 10 लिटरचे आहे. कागद गेल्यामुळे वाचलेली जास्तीची ओढणी सोडून द्या, नुसती ही बादली कमोडला वापरली तरी जमाखर्च बरोबरीत राहतो.

कापड निवडताना मी चुका केल्या. कपाटात माझ्या जुन्या टेरिकॉटच्या शर्टांचा ढीग होता, म्हणून पहिले सहा चौकोन त्यांचेच केले. टेरिकॉट पाणी पीत नाही, नुसते पसरवते. पहिल्याच दिवशी ते तुकडे गाडी पुसायला गेले. मग बाजारातून अर्धा मीटर नवा सुती फ्लॅनेल आणला, तोही पाणी घेईना, कारण नव्या कापडाला खळ असते आणि ती दोन-तीन धुण्यांशिवाय उतरत नाही. त्यानंतर मी एक सोपी परीक्षा ठरवली: कापडावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवायचा. मोत्यासारखा उभा राहिला तर कापड नापास, टेकताक्षणी मुरला तर पास. ह्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले ते एका जुन्या खादीच्या धोतराने. हातसुताला पीळ सैल असतो, त्यात ते शेकडो वेळा धुतलेले. थेंब टेकला की दिसेनासा होई.

धोतर माझ्या वडिलांचे होते. ते 2011 साली गेले. दरवर्षी गांधी जयंतीच्या सुमाराला खादीवर सूट लागली की ते नांदेडच्या खादी भांडारातून दोन धोतरे आणत, आणि त्यांतली पाच-सहा आईच्या लोखंडी पेटीत तिने जपून ठेवली होती. त्यांना कात्री लावायची, आणि तीही ह्या कामासाठी, हे आईला विचारायचे कुणी? दोन दिवस आम्ही नवराबायको एकमेकांवर ढकलत होतो. शेवटी 84 वर्षांच्या आईनेच, आम्ही पेटीभोवती घुटमळताना पाहून, खाटेवरून विचारले, "काय हुडकलालाव रे तिथं?" मी चाचरत सांगितले. आई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"तुझ्या बाळोत्याला काय विलायतेहून कापड आणलं होतं का?" ती म्हणाली. "ह्यांच्याच धोतराची होती समदी. फाड की."

आमच्याकडे कापडाचा असाच उतरता क्रम असे, हे मी विसरलो होतो. धोतर विरले की त्याची बाळोती, लुगडे विरले की दुपटे किंवा वाकळेचा थर, बाळोती विरली की भांड्यांचे फडके आणि अखेरीस पोतेरे. मधल्या दोन पिढ्यांत बाळोती गेली, डायपर आले, आणि क्रम तुटला.

कात्रीही फारशी लागली नाही. काठाला एक काप देऊन सूत धरून ओढले की खादी सरळ रेषेत फाटत जाते, आणि तो फर्र आवाज ऐकून आईने डोळे मिटून घेतले एवढेच. साडेचार मीटरच्या धोतरातला मधला, बसून-बसून चाळणी झालेला भाग टाकून दिला आणि उरलेल्यातून दुहेरी थराचे 32 चौकोन निघाले, प्रत्येक वीतभर लांब आणि वीतभर रुंद. एकेरी थर हाताला ओल लागू देतो आणि तिहेरी लवकर वाळत नाही, हे वापरून कळले, दुहेरी बरोबर.

कडांचे मात्र चुकले. शिलाईचा वेळ वाचावा म्हणून मी ते चौकोन पलीकडच्या गल्लीत पिको-फॉल करणाऱ्या बाईंकडे नेले. त्यांनी गठ्ठा हातात घेऊन विचारले, "इतके चौकोन कशाचे, सर?" आणि मी क्षणाचाही विचार न करता "हातरुमाल" असे उत्तर दिले. त्यांनी मोठ्या आपुलकीने प्रत्येकाला आकाशी रंगाचा पिको करून दिला. पण पिकोचा दोरा पॉलिस्टरचा असतो, कडेला घट्ट बसतो आणि त्याची धार तयार होते. ऑपरेशनच्या जुन्या वणाला ती अशी टोचू लागली की दुसऱ्या दिवशी मी सगळा पिको उसवायला बसलो. 32 चौकोनांच्या चारही कडा उसवायला मला तीन दुपारी लागल्या. मग सौभाग्यवतींनी पायमशीनवर सुती दोऱ्याने दोन्ही थर उलट बाजूने शिवून, पिशवीसारखे उलटवून, कडा आत दडवल्या आणि वरून एक सैल टीप मारली. असे चौकोन आजही टिकून आहेत.

मांडणी आता अशी आहे. कमोडच्या उजव्या हाताला झाकणाच्या डब्यात धुतलेले चौकोन, आणि खाली तारेच्या उघड्या टोपलीत वापरलेले. आरंभी मी वापरलेले तुकडे साबणाच्या पाण्याच्या बादलीत भिजत टाकत होतो, कारण भिजत टाकलेले बरे असा आपला सगळ्यांचा समज असतो. ऑगस्टच्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी त्या बादलीला असा वास सुटला की आईने खाटेवरून विचारणा केली. कोमट साबणपाणी दोन दिवस ठेवले तर जंतूंची ती पंगतच होते. तुकडे नुसते ओलसर असतात, धुतल्यानंतरचे असतात. ते उघड्या टोपलीत वाऱ्याला टाकले तर संध्याकाळपर्यंत सुकतात आणि वास येत नाही. ज्यावर डाग दिसेल तो मात्र टोपलीत जात नाही, तिथेच लगेच धुतला जातो. एवढा नियम पाळला की उरलेले धुणे बुधवार आणि रविवार असे दोन दिवस पुरते.

धुण्याचे शास्त्र मला माहीत असायला हवे होते, कारण ते मी पुस्तकातून कितीदा तरी शिकवले होते. आमच्या बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून येते आणि त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. शाळेत आम्ही त्याला दुष्फेन पाणी म्हणत असू आणि मुले 'दुष्फेन म्हणजे ज्याला फेस येत नाही ते' असे पाठ करत. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येते, त्यामुळे धुणे बोअरवरच. मी कपड्यांची साबणाची वडी वापरत होतो. महिनाभरात चौकोन करडे पडले आणि वाळल्यावर पापडासारखे उभे राहू लागले, कारण वडीचा साबण आणि पाण्यातले क्षार मिळून जो साका होतो तो सुतात बसत होता. पुण्याला असलेल्या मुलीने फोनवर कपडे मऊ करणारे द्रव घालायला सांगितले. मऊ तर झाले, पण थेंबाच्या परीक्षेत सगळे नापास; ते द्रव सुतावर तेलकट थर चढवते आणि मग पाणी मुरत नाही. हा दोन महिन्यांचा गोंधळ अखेरीस किराणा दुकानातल्या दोन वस्तूंनी मिटला. साबणाच्या वडीऐवजी धुण्याची पावडर आणि तिच्यासोबत चमचाभर धुण्याचा सोडा, म्हणजे क्षार आधीच खाली बसतात. आणि शेवटच्या खळबळायच्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व, म्हणजे सुतात बसलेला चुना सुटून जातो. पहिल्या धुण्यातच चौकोनांचा करडेपणा निम्मा उतरला. महिन्यातून एकदा मी ते उकळत्या पाण्यात वीस मिनिटे ठेवतो, त्यासाठी वेगळे जुने पातेले आहे आणि त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला आहे. ग्रामपंचायती पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर वापरावी असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. मी दोनदा वापरली, पण त्या ब्लीचिंगने सूत लवकर कुजते, म्हणून बंद केली.

वाळवण्याला मात्र काही विकत आणावे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवर पारा चाळिशीच्या वर असताना चौकोन तारेवर घातल्यापासून अर्ध्या तासात कडकडीत होतात. ओल गेली की जंतूंचा आधार जातो आणि उरलेले काम अतिनील किरणे करतात. पहिल्या रविवारी मी सकाळी दहाला बादली घेऊन गच्चीवर गेलो, आणि 32 पांढरे चौकोन हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आले की शेजारच्या दोन्ही गच्च्यांवर माणसे आहेत. मी तार सोडून पाण्याच्या टाकीमागच्या सावलीत दोरी बांधायला लागलो. सौभाग्यवती कुरडया घेऊन वर आलेली होती. ती जरा वेळ माझी दोरी पाहत राहिली.

"तिकडं ऊन येत नाही," ती म्हणाली.

मी म्हणालो, लोक बघतात.

"बघू द्या. आमच्या घड्या तीस वर्षं परकराखाली वाळल्या."

मग कुरडया पसरता-पसरता तिने जे सांगितले ते आमच्या लग्नाला 38 वर्षे झाल्यावर मी पहिल्यांदा ऐकत होतो. औशाच्या आमच्या जुन्या घरात, दीर-सासरे उठायच्या आत, पहाटे चारला न्हाणीत पाळीच्या कापडाच्या घड्या धुवायच्या, न्हाणीमागच्या भिंतीला कोपऱ्यात टाकायच्या आणि त्यांवर जुना परकर पांघरायचा. तिथे ऊन कधीच पोचत नसे. पावसाळ्यात त्या वाळायच्याच नाहीत, तशाच आंबूस वासाच्या, अर्ध्या ओल्या पुन्हा घ्यायच्या. त्याने जांघेत चट्टे उठत, आग होई. 1989 साली एकदा मी तिला डॉक्टरांकडे नेले होते आणि मलमाची ट्यूब आणून दिली होती, एवढेच मला आठवत होते. चट्टे कशाचे, हे मी विचारले नव्हते आणि डॉक्टरांनीही विचारले नव्हते. कापड तेच सुती, साबण तोच, पाणी तेच. फरक एवढाच की ते उन्हात घालायची सोय नव्हती. सध्याचे घर 1999 साली बांधले तेव्हा गच्चीवर दक्षिणोत्तर तार मीच ओढून घेतली होती, दिवसभर ऊन मिळावे म्हणून दिशा पाहून. त्या तारेवर एका प्रकारचे कापड कधीच आले नाही, हे मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते.

मी दोरी सोडली आणि चौकोन तारेवर घातले, एका ओळीत, चिमटे लावून. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झालीच. मी "आहेत माझे, औषधाचे" असे काहीतरी अर्धवट बोललो आणि सौभाग्यवती कुरडयांवर वाकून हसली.

बाकी फजिती एकच मोठी झाली. उदगीरहून मेहुणे आले होते, आणि मी धुतलेला गठ्ठा घडी करून बेसिनजवळ ठेवून विसरलो. त्यांनी तोंड धुतले, वरचा चौकोन उचलून तोंड पुसले, चष्मा पुसला, आणि बाहेर येऊन म्हणाले की कापड फार मऊ आहे, कुठून आणले. चौकोन धुतलेला, उकळलेला, उन्हात तापलेला होता. तरीही मी उत्तर दिले नाही. त्या दिवसापासून प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली आहे, आणि डबा संडासाच्या दाराबाहेर येत नाही. पाहुण्यांसाठी आत रोल ठेवलेला असतो आणि वापरलेला कागद टाकायला झाकणाची पेटी. तो रोल मलाही लागतो: 2023 च्या गणपतीत मला जुलाब झाले तेव्हा चार दिवस मी कापडाला हात लावला नाही. पोट बिघडलेले असताना कापड वापरणे म्हणजे दुखणे घरभर वाटणे आहे, आणि ह्या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही. प्रवासातही मी कापड नेत नाही. दोन दिवस ओले तुकडे पिशवीत घेऊन हिंडण्याइतका मी त्याचा भक्त नाही.

घरात हे वापरणारा बराच काळ मी एकटाच होतो. मागच्या वर्षी आई खाटेला खिळली, तेव्हा दवाखान्यातून पुसायचे ओले वाइप्स आणायला सांगितले. त्यांना येणारा वास आईला आवडेना, आणि असे वाइप्स लोक कमोडमध्ये टाकतात तेव्हा चेंबरचे काय होते हे मला वेगळे सांगायला नको होते. आता तिच्यासाठी वेगळ्या, हिरव्या फुलीच्या चौकोनांचा दुसरा संच आहे. ते धुण्याचे काम माझ्याकडेच आहे, अट पूर्वीचीच असल्यामुळे. तिला पुसताना मी एकदा म्हणालो की हे धोतर ओळखलेस का. तिने कापड चिमटीत धरून चोळून पाहिले आणि म्हणाली, "नांदेडचं हाय. ह्यो काठ त्या साली निघाला होता."

पहिल्या 32 पैकी 19 चौकोन अजून वापरात आहेत, बाकीचे विरून सायकलच्या साखळीला तेल लावायला गेले. पेटीतले दुसरे धोतर मागच्या दिवाळीनंतर फाडले. सध्या पावसाळा आहे, गच्चीचा उपयोग नाही, म्हणून ओसरीत पंख्याखाली दोरी बांधून चौकोन वाळत घालतो आणि शेवटची ओल गरम इस्त्रीने काढतो. येणारा-जाणारा विचारतो आणि आता मी खरे तेच सांगतो; काही जण गप्प बसतात, दोघांनी शिवायची पद्धत विचारून घेतली. पलीकडच्या गल्लीतल्या पिकोवाल्या बाईंना मात्र अजून सांगितलेले नाही. दिसल्या की त्या विचारतात, "सर, रुमाल टिकले का?" आणि मी म्हणतो, टिकले, चांगले टिकले.